नवोदयची तयारी: तालुक्याचा क्लास की घरचा अभ्यास?

जवाहर नवोदय विद्यालय या केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेला मूल एकदाच बसू शकतं. त्यामुळे पाचवी लागली की घराघरांत हा वाद सुरू होतो. आम्ही आधी क्लास लावला, मग घरी वळलो.

गणितात क्लासचं पारडं जड आहे, हे मान्य करायला हवं. लसावि-मसावि, अपूर्णांक, नफा-तोटा हे सगळं तिथे ओळीने होतं आणि रोज सराव घडतो. आईवडील दोघंही दिवसभर रानात असतील तर हे घरी जमवणं अवघड. भाषेचे 4 उतारे मात्र रोज एक पान वाचून, त्यावर पाच प्रश्न विचारून घरी सहज होतात.

पण 100 पैकी 50 गुण मानसिक क्षमतेचे, म्हणजे आकृत्यांच्या कोड्यांचे. 40 प्रश्न, 60 मिनिटं, म्हणजे एका आकृतीला दीड मिनिट. इथे फळ्यावरची युक्ती फारशी टिकत नाही, हाताने करून पाहिलेलं टिकतं. कागदाच्या घडीचंच बघा. चौकोनी कागद आधी आडवा, मग उभा दुमडा, एक भोक पाडा आणि उघडण्याआधी मुलाला भोकं काढून दाखवायला सांगा. चार येतात, हे बहुतेकांना कळतं. चुकते ती जागा. घडीजवळ पाडलेलं भोक उघडल्यावरही घडीच्या रेषेजवळच राहतं. मुलं ते कडेला नेऊन ठेवतात आणि नेमका तोच चुकीचा पर्याय समोर असतो. आठ-दहा कागद दुमडून झाले की ही चूक जवळपास थांबते. आरशातील प्रतिमेला घरातला आरसा पुरतो.

आम्हाला घरी वळवलं ते एका गोष्टीने: क्लासमधली टेस्ट घरी येत नव्हती. मोबाईलवर ‘80 पैकी 61’ एवढंच यायचं. राहिलेले 19 प्रश्न कुठले? खरी तयारी त्याच 19 मध्ये असते. घरी पेपर सोडवून घेतले तेव्हा दिसलं, की बरीच उत्तरं येत असूनही चुकत होती. एक प्रश्न सोडायचा आणि पुढच्याचं उत्तर त्याच ओळीत भरायचं, की तिथून उत्तरपत्रिकेच्या सगळ्या ओळी सरकतात. उपाय साधा आहे. ओळ रिकामी ठेवायचीच नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून अडलं तरी उत्तरपत्रिकेवर एका पर्यायाचा गोल भरायचा. आणि सराव बॉलपेननेच, कारण परीक्षेत भरलेला गोल खोडता येत नाही. चुकांची वही ठेवा: प्रकार, भरलेलं उत्तर, कारण. रविवारी सलग दोन तासांचा पेपर, सोमवारी फक्त ही वही.

निवासी क्लासचा विचार असेल तर शाळेचा दाखला काढून मुलाला दुसरीकडच्या शाळेत घालण्याआधी थांबा. नवोदयच्या किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांच्या आहेत, पण त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी पूर्णपणे ग्रामीण शाळेत झालेली लागते. या तीन वर्षांत शहरी शाळेत एक दिवस नाव असलं तरी मूल शहरी धरलं जातं. शिवाय अर्ज जिथे पाचवी चालू आहे त्याच जिल्ह्यातून होतो.

रोज तासभर देता येत असेल तर मी घरचा अभ्यास सुचवेन, गणित अडलंच तर तेवढ्यापुरते सर. तो तास निघत नसेल तर क्लास जरूर लावा, फक्त पैसे भरण्याआधी विचारा: सोडवलेला पेपर आणि उत्तरपत्रिका मुलासोबत घरी पाठवाल का?