ब्रेक ऑइल: दर दोन वर्षांनी बदलावं की तपासून?

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट ४ या श्रेणीच्या ऑइलसाठी किमान मर्यादा नवं असताना २३० अंश सेल्सिअस, ३.७ टक्के पाणी मुरल्यावर १५५. लांब घाटउतारावर कॅलिपरजवळचं (चाकापाशी ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाजवळचं) ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली बसतं.

तपासून बदलायचं तर साधन कोणतं, यावर सगळं ठरतं. पेनसारखा टेस्टर विद्युतवाहकता मोजून पाण्याचा अंदाज बांधतो. ऑइलमधली रसायनं वेगळी असली की आकडा चुकतो. शिवाय नमुना ब्रेक ऑइलच्या टाकीतला, उष्णता मात्र चाकापाशी. नमुना प्रत्यक्ष उकळवणारं यंत्र भरवशाचं, पण प्रत्येक गॅरेजात नसतं. ऑइलच्या रंगावर तर जाऊच नका.

मुदतीने बदलण्यात कधी चांगलं ऑइलही फेकलं जातं, एवढाच तोटा. बहुतेक गाड्यांना लिटरभर पुरतं. डबा नवा, सीलबंद हवा. टाकीतलं जुनं ओढून नवं भरा, मग मॅन्युअलमधल्या क्रमाने प्रत्येक चाकाच्या ब्लीडरमधून (ऑइल काढायच्या स्क्रूमधून) स्वच्छ, बिनबुडबुड्याचं येईपर्यंत काढा. मधे टाकी रिकामी झाली तर हवा शिरते. एबीएसमध्ये (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेत) गेली तर बऱ्याचदा गाडीच्या संगणकाला जोडायचा स्कॅनर लावावा लागतो. गाडीच्या रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळू नका.

उकळवणारं यंत्र हाताशी नसेल तर मॅन्युअलमधली मुदत पाळा. पातळी उतरली म्हणून नुसतं वरून भरू नका. आधी पॅडची झीज आणि गळती पाहा.