अशील आधी की लोकहित आधी? वकिलीची वाट निवडताना

वकिलीत नव्यानं उतरणाऱ्याच्या कानावर दोन सल्ले हमखास पडतात. एक म्हणतो, वकीलपत्र घेतलंस ना, मग आता इकडे-तिकडे बघायचं नाही. दुसरा म्हणतो, तू आधी न्यायालयाचा अधिकारी, मग अशिलाचा माणूस.

पहिल्या सल्ल्याची सगळ्यात रोखठोक मांडणी 1820 मधली. इंग्लंडच्या राणी कॅरोलाइनची बाजू लढवताना हेन्री ब्रूम यांनी हाउस ऑफ लॉर्ड्सला सुनावलं होतं की वकिलाला जगात एकच माणूस ठाऊक असतो, तो म्हणजे त्याचा अशील. त्याला वाचवताना देशात गोंधळ माजला तरी वकिलानं मागे हटायचं नाही. दुसऱ्या बाजूला इंग्लंडच्या सॉलिसिटरांची, म्हणजे तिथल्या वकिलांच्या एका वर्गाची, 2019 पासूनची आचारतत्त्वं आहेत. तत्त्वांचीच आपसात टक्कर झाली, तर व्यापक लोकहित जपणारं तत्त्व वरचढ, असं ती स्पष्ट सांगतात. भारतीय बार कौन्सिलचे नियम दोन्ही डगरींवर हात ठेवून आहेत: अशिलाचं हित निर्भयपणे जपा, पण त्याचं नुसतं मुखपत्र होऊ नका.

माझ्या मते सरसकट एक बाजू निवडणं चूक आहे. आपण कुठल्या कामात आहोत, यावर निवड ठरते.

फौजदारी बचावात ‘अशील आधी’ हीच भूमिका घ्यावी, आणि मनात अपराधीपणा न ठेवता घ्यावी. अर्थात ती पेलणं सोपं नाही. 1973 मध्ये न्यूयॉर्क राज्यात खुनाच्या आरोपीनं फ्रँक अर्मानी आणि फ्रान्सिस बेल्ज या आपल्या वकिलांना आणखी दोन तरुणींचे मृतदेह कुठे आहेत ते सांगितलं. वकिलांनी जाऊन पाहिलं, फोटो काढले आणि गप्प राहिले. बेपत्ता मुलीचे वडील भेटायला आले, तेव्हाही तोंड उघडलं नाही. खटल्यात हे बाहेर आल्यावर लोक खवळले, बेल्ज यांच्यावर गुन्हा दाखल झाला आणि पुढे तो रद्दही झाला. मला ते बरोबर वागले असं वाटतं. मुली आधीच गेल्या होत्या. बोलल्यानं कुणाचा जीव वाचणार नव्हता. वकिलाशी बोललेलं उद्या पोलिसांकडे जाणार असेल, तर एकही आरोपी खरं बोलणार नाही. शिवाय समोर सरकारी वकील असतो, वर न्यायाधीश असतो. समाजाची बाजू मांडायला तिथे माणसं नेमलेलीच आहेत.

पण हाच नियम कधी फार क्रूर होतो. 1982 मध्ये शिकागोत एका आरोपीनं आपल्या वकिलांकडे कबूल केलं की ज्या खुनासाठी ऑल्टन लोगनला पकडलंय तो मीच केलाय. वकिलांनी प्रतिज्ञापत्र लिहून, पेटीत बंद करून ठेवलं. अशिलाच्या मृत्यूनंतर, त्यानंच आधी देऊन ठेवलेल्या परवानगीमुळे, ते उघडलं गेलं. 2008 मध्ये लोगन सुटला, 26 वर्षांनी. इथे नुकसान झालेलं आणि संपलेलं नव्हतं, रोज चालू होतं. अमेरिकेतल्याच मॅसॅच्युसेट्स राज्याच्या नियमात निरपराध माणसाचा तुरुंगवास टाळण्यासाठी वकिलाला बोलण्याची मुभा आहे. ती सगळीकडे असायला हवी असं माझं मत.

दिवाणी कामात तर ‘अशील आधी’ची गणितं पुष्कळदा अशिलावरच उलटतात. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात अपघाताच्या एका दाव्यात प्रतिवादीच्या डॉक्टरला आढळलं की जखमी मुलाच्या महाधमनीला जीवघेणा फुगवटा आहे. मुलाच्या बाजूला याची कल्पना नव्हती. प्रतिवादीचे वकील गप्प राहिले आणि तडजोड स्वस्तात उरकली. पुढे सैन्याच्या वैद्यकीय तपासणीत फुगवटा सापडला आणि अल्पवयीन मुलाच्या वतीनं झालेली ती तडजोड रद्द झाली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं 1962 मध्ये ते कायम केलं. म्हणजे गप्प राहून पदरात काय पडलं? ‘हे सांगूया का?’ असं अशिलाला विचारायला कुठलाच नियम आड येत नाही.

कंपन्यांना सल्ला देणाऱ्यांनी मात्र ब्रूमसाहेबांचा दाखला देऊच नये. बंद खोलीत न प्रतिपक्ष असतो, न न्यायाधीश, आणि बोलणं चालतं ते पुढे करायच्या कामाचं. अमेरिकेतल्या तंबाखू कंपन्यांविरुद्धच्या 2006 च्या निकालात न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी वकिलांवर जे कोरडे ओढले, ते यासाठीच: धूम्रपानाच्या धोक्यांविषयीचं संशोधन गोपनीयतेच्या पांघरुणाखाली दडवायला वकिलांनीच हातभार लावला होता. एन्रॉन कंपनीच्या घोटाळ्यानंतर अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेनं 2003 मध्ये अशिलाकडून होणारी मोठी आर्थिक फसवणूक रोखण्यासाठी बोलण्याची वाट मोकळी केली. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 132 (जुन्या पुरावा कायद्यातलं 126) हीच रेघ ओढतं: बेकायदा हेतू तडीस नेण्यासाठी वकिलाशी झालेल्या बोलण्याला संरक्षण नाही. इथे ‘लोकहित आधी’ म्हणा. फार तर अशील जाईल.

आता लोकहितासाठीच वकिली करायची असं ठरवून आलेल्यांसाठी. तुमचा मार्ग नैतिकदृष्ट्या सोपा आहे या भ्रमात राहू नका. अमेरिकेत शाळांतला वंशभेद मोडण्यासाठी लढलेले डेरिक बेल यांनी 1976 मध्ये आपल्याच साथीदारांवर बोट ठेवलं. कृष्णवर्णीय पालकांपैकी अनेकांना जवळच चांगली शाळा हवी होती, वकिलांना मात्र सर्व वंशांची मुलं एका वर्गात हवी होती, आणि खटले वकिलांच्या मर्जीनं चालत होते. भारतात तुरुंगातल्या मुलांविषयीच्या याचिकेत 1988 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अर्जदार शीला बरसे यांना प्रकरण मागे घेऊ दिलं नाही, त्यांना बाजूला करून ते पुढे चालवलं. जनहित याचिका एकदा दाखल झाली की ती अर्जदाराची राहत नाही. म्हणून अशा कामात पहिल्याच बैठकीत लोकांना दोन गोष्टी विचाराव्यात आणि उत्तरं लिहून घ्यावीत: तडजोडीचा प्रस्ताव आला तर हो-नाही कोण म्हणणार, आणि तुमचं व वकिलाचं पटेनासं झालं तर कागदपत्रं कुणाकडे जाणार.