मे महिन्यातल्या दुपारी तीनला टिकेल ते मशीन: नागपुरात व्हिसी कूलर, डीप फ्रीजर की फोर डोअर?

माझ्या मावसबहिणीची पोरगी मनीषनगरात गाळा घेऊन राहिली आहे. थाळी, पनीरच्या दोन भाज्या, लस्सी आणि रविवारी सावजी मटण असा तिचा बेत आहे. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला, मावशी, तीन दुकानं फिरले अन् तिघांनी तीन वेगळी मशीनं सांगितली, आता तूच सांग काय घेऊ. मी नंदनवनला कितीतरी वर्षं मेस चालवते, या सगळ्या मशीनांसोबत उन्हाळे काढलेत, म्हणून तिला तासभर जे सांगितलं ते इथे लिहून काढते, कारण हाच प्रश्न घेऊन बरेच जण दुकानात उभे असतात.

दुकानदार पहिले विचारतो, किती लिटरचं पाहिजे? लिटर नंतर बघा. जिथे मशीन ठेवणार तिथे मे महिन्यात दुपारी तीन वाजता किती गरम असतं ते आधी बघा. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ डिग्री नोंदलं गेलं होतं, आणि ते सावलीतल्या हवेचं तापमान असतं, आपल्या किचनमधे तर वरून तीन बर्नर, तव्याची आच आणि कित्येकांकडे पत्र्याचं छत. फ्रीज थंडी तयार करत नाही, आतली गरमी उचलून बाहेर टाकतो, आणि ती गरमी बाहेर जायची तर मागची कंडेन्सरची जाळी खोलीपेक्षा जास्त गरम व्हावी लागते. खोली ४५ डिग्री असली तर जाळीतला गॅस ५५-६० वर जातो. फ्रीजमधे भरतात त्या आर-१३४ए गॅसचं प्रेशर ४० डिग्रीला साधारण १० बार असतं, ६० ला तेच जवळपास १७ होतं. म्हणजे कॉम्प्रेसरला जास्त जोर लावावा लागतो अन् थंडावा मात्र कमी मिळतो, तोही नेमका त्या दिवशी जेव्हा लस्सीला गिऱ्हाईक थांबत नाही.

म्हणून मशीनवरचं स्टिकर वाचा. घरगुती फ्रीजवर क्लायमेट क्लास अक्षरात असतो, एन म्हणजे ३२ डिग्रीपर्यंत, एसटी म्हणजे ३८, टी म्हणजे ४३. दुकानातल्या काचेच्या डिस्प्ले मशीनला आकडा असतो, ४ म्हणजे ३० डिग्रीच्या खोलीत टेस्ट केलेलं, ५ म्हणजे ४० डिग्रीच्या. ३० वालं मशीन डिसेंबरात मस्त चालेल, मेमधे रडवेल. स्टिकर नसेल तर दुकानदाराला सरळ विचारा की हे किती डिग्रीच्या खोलीसाठी आहे, आणि ते बिलावर लिहून मागा.

आता माझ्यावर गुजरलेलं सांगते. नवतपा, म्हणजे सगळ्यात तापणारे ते नऊ दिवस, लागलेला, किचनमधे चार दारांचा स्टीलचा फ्रीज, म्हणजे फोर डोअर, डिस्प्लेवर ४ डिग्री, आणि संध्याकाळी पनीर हातात घेतलं तर कडेला बुळबुळीत. सगळं पनीर फेकलं. दुसऱ्या दिवशी स्टीलच्या पेल्यात पाणी घेतलं, त्यात दांडीवालं थर्मामीटर उभं केलं आणि पेला मधल्या शेल्फवर ठेवून दिला. दुपारी तीनला बघितलं तर पाणी १३ डिग्री! डिस्प्लेवाला सेन्सर पंख्याजवळच्या हवेचं तापमान दाखवत होता, पदार्थाचं नाही. मेकॅनिकने खालची जाळी उघडली तर कंडेन्सरच्या पत्त्यांवर, म्हणजे पातळ पत्र्याच्या पट्ट्यांवर, कणीक अन् तेलाची वाफ जमून एक थर झालेला, ब्रश मारल्यावर गोधडीच्या तुकड्यासारखा अख्खा निघाला. साफ केल्यावर त्याच मशीनमधे, त्याच गरमीत रात्रीपर्यंत पेल्यातलं पाणी ५ च्या खाली आलं. तेव्हापासून पेला रोज आत असतो आणि सकाळी, दुपारी तीनला अन् बंद करताना आकडा वहीत लिहिला जातो. थंडं ठेवायचं ते ५ डिग्री किंवा खाली, फ्रोझन ते उणे १८, मधलं काही चालत नाही. ५ ते ६० च्या मधे जंतू वाढतात, आणि आपल्या हातचं खाऊन कोणाचं लेकरू आजारी पडू नये याच्याहून मोठी गोष्ट या धंद्यात नाही.

आता एकेक मशीन घेऊ.

व्हिसी कूलर, म्हणजे काचेच्या दाराचं ते उभं मशीन. बाटल्या, ताकाचे पाऊच, पॅक दही यासाठी चांगलं, गिऱ्हाईकाला दिसतं, त्यामुळे विकलंही जातं. पण ते आधीच थंड असलेली बाटली थंड ठेवायला बनवलेलं असतं, शिजवलेल्या भाजीचं पातेलं त्यात ठेवायची चूक करू नका, दार दिवसभर उघडं-बंद होतं आणि काचेतून गरमी आत जातच असते. आपल्याकडे अजून एक भानगड आहे, दुकानात डेझर्ट कूलर चालू असतो. कूलरची ओली हवा काचेवर आली की काच घामेजते, खाली पाणी साचतं अन् आत कॉइलवर बर्फ धरतो. कूलरचा झोत मशीनवर यायला नको, आणि पश्चिमेचं ऊन तर बिलकुलच नको. कोल्ड्रिंक कंपनीकडून फुकट मिळालेलं मशीन असलं तर त्यात दुसरा माल ठेवायची परवानगी आहे का, ते आधी कागदावर वाचून घ्या.

चेस्ट डीप फ्रीजर, वरून झाकण उघडायचं ते. नागपूरच्या गरमीत भरवशाचं म्हटलं तर हेच. थंड हवा जड असते, झाकण उघडलं तरी ती खालीच बसून राहते, उभ्या दाराच्या मशीनमधे मात्र दार उघडताच पायाशी वाहून जाते. लाइट गेली तरी हेच जास्त तग धरतं. अमेरिकेच्या कृषी खात्याचा हिशोब असा की भरलेला फ्रीजर न उघडता साधारण ४८ तास धरतो, अर्धा भरलेला २४, आणि साधा फ्रीज फक्त ४ तास. आपल्या ४५ डिग्रीच्या किचनमधे यापेक्षा कमीच धरा. मटार, फ्रोझन पराठे, आइस्क्रीम, आठवड्याचं मटण, सगळ्याला हे बरोबर. वाईट गोष्ट एकच पण मोठी, खालचा माल विसरला जातो. वरचं काढत राहतो अन् तळाशी महिन्यापूर्वीची पिशवी निघते. त्यावर जाळीच्या टोपल्या अन् पिशवीवर मार्करने तारीख, एवढाच उपाय. हातानं डीफ्रॉस्टही करावं लागतं. बर्फ चाकूनं खरवडू नका, एक नस फुटली की सगळा गॅस गेला.

काही चेस्टवर कूलर-फ्रीजर असं बटण असतं, कन्व्हर्टिबल म्हणतात. ज्याला एकच मशीन परवडतं त्याला मोह होतो. पण एका वेळी एकच मोड चालतो, आणि कूलर मोडवर वर अन् तळाशी तापमान सारखं राहत नाही. दूध-दह्याचे पाऊच ठेवायला चालून जाईल, रोजच्या किचनच्या कामाला नाही.

फोर डोअर, ते स्टीलचं उभं मशीन. फोर डोअरच्या पैशात तीन-एक मध्यम चेस्ट येतात, मग घ्यायचं काऊन? कारण किचन चालतं ते यावर. आत पंखा असतो, हवा फिरते, शेल्फवर ट्रे दिसतात, जुना माल पुढे नवा मागे असं लावता येतं, दार चार असल्यानं दह्यासाठी मटणाचा कप्पा उघडावा लागत नाही. कच्चं मटण नेहमी सगळ्यात खाली, वर ठेवलं तर रक्ताचं पाणी खालच्या दह्यात टपकतं. कॉम्प्रेसर वर की खाली हेही बघा. खाली असला तर झाडूची धूळ अन् कणीक ओढतो पण जाळी साफ करायला हात पोचतो, वर असला तर धूळ कमी पण किचनमधली सगळी गरमी छताशीच जमते. पत्र्याच्या खोलीत मी खालचाच घेईन आणि उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी जाळीला ब्रश मारीन, पत्त्यांच्या रेषेत, आडवा नाही, नाहीतर पत्ते वाकतात.

गरम रस्सा सरळ आत ठेवू नका, कोणत्याच मशीनमधे. ही मशीनं थंड ठेवायला असतात, उकळतं पातेलं थंड करायला नाही, एका पातेल्यानं आतलं सगळं गरम होतं. अमेरिकेच्या फूड कोडमधे ५७ डिग्रीवरून २१ वर दोन तासांत आणि तिथून ५ वर पुढच्या चार तासांत, असा नियम आहे. मोठं पातेलं रात्रभर आत ठेवलं तरी मधोमध कोमट राहतं. पसरट ट्रेमधे दोन बोटं जाडीचा थर करा, ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवा, मग आत.

अंडरकाउंटर, म्हणजे ओट्याखाली बसणारं मशीन, हे जागा कमी असेल तरच, काउंटरखाली हवा कोंडते. आणि पफ पॅनलची, म्हणजे आत फोम भरलेल्या भिंतींची, छोटी कोल्ड रूम केटरिंगवाल्यांनी बघावी, तिचं युनिट बाहेर बसतं त्यामुळे गरमी किचनमधे येतच नाही, हा फार मोठा फायदा आहे, पण रोजच्या शंभर थाळ्यांना ती लागत नाही.

जुनं घ्यायचं का, हेही पोरीनं विचारलं. हॉटेल बंद झालं की मशीनं स्वस्तात निघतात, घ्या, पण दुपारी जाऊन घ्या, सकाळी नाही. रिकामं मशीन थंड होतं यात काही विशेष नाही, पाण्याच्या बाटल्या भरून चार तास चालवा अन् मग पाणी मोजा. दाराच्या रबरात दहाची नोट धरून दार लावा, नोट सहज ओढून निघाली तर रबर गेलं. आणि प्लेटवर गॅसचं नाव वाचा. आर-२२ असेल तर सोडून द्या, ओझोन वाचवायच्या मॉन्ट्रियल प्रोटोकॉल या कराराच्या वेळापत्रकानं भारतात त्याचा वापर २०३० पर्यंत जवळपास बंद व्हायचा आहे, पुढे भरायला गॅस महाग पडेल. आर-२९० म्हणजे प्रोपेन, मशीन कमी वीज खातं अन् हवेलाही बरं, पण जळणारा गॅस आहे, त्यावर काम करायला ते शिकलेलाच मेकॅनिक हवा, गॅस न काढता नळी जोडायला ज्योतीचा टॉर्च लावणारा नको.

मशीन किती युनिट खातं तेही स्टिकरवर बघा. एक मशीन दुसऱ्यापेक्षा दिवसाला ३ युनिट जास्त खात असेल तर वर्षाला १०९५ युनिट झाले, ते कमर्शियल दरानं गुणा आणि मग स्वस्त कोणतं ते ठरवा. स्टॅबिलायझर टाइम डिलेवालाच, म्हणजे लाइट आल्यावर थोडं थांबून मशीन चालू करणाराच घ्या, लाइट गेली अन् लगेच आली की कॉम्प्रेसर प्रेशरवरच सुरू व्हायला बघतो आणि मोटरची वाइंडिंग जळते, वादळाच्या दिवसांत हे हमखास होतं.

पोरीला मी एक नवं फोर डोअर अन् एक मध्यम चेस्ट सांगितलं, चेस्ट जुनी चालेल. व्हिसी कूलर सहा महिन्यांनी, लस्सी किती जाते ते बघून. ती आता गाळ्याचा नकाशा घेऊन येऊन राहिली आहे, तिनं फोर डोअर तव्याच्या शेजारी दाखवलंय, ते उचलून मागच्या दाराजवळच्या भिंतीला न्यायचं आहे, मागे वीतभर जागा सोडून.