बुकशेल्फ स्पीकर, काही महिन्यांच्या वापरानंतर

साडेसहा इंची वूफर (खालचे सूर वाजवणारा), मागे पोर्ट (हवेसाठीचं भोक), वेगळा ॲम्प्लिफायर. अशी टू-वे जोडी, म्हणजे प्रत्येक स्पीकरमध्ये वूफर आणि वरचे सूर वाजवणारा ट्वीटर, काही महिने रोज वाजवल्यावर एक गोष्ट पक्की होते: पैसे कशावरही खर्च करा, फरक पडतो तो स्पीकरच्या आणि खुर्चीच्या जागेने.

नाव बुकशेल्फ असलं तरी कपाटाच्या खणात हे स्पीकर सर्वांत वाईट वाजतात. पोर्ट कोंडतो आणि बास (खालचे सूर) घुमतो. स्टँडवर ठेवा, ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून साधारण 90 ते 100 सेंमी. दोन स्पीकरमध्ये 2 मीटर अंतर असेल तर खुर्चीही प्रत्येकापासून साधारण तेवढीच लांब हवी.

खरी डोकेदुखी स्पीकरमागची भिंत. तिच्यावर आपटून परतलेला आवाज एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला थेट आवाजाच्या उलट्या फेजमध्ये येतो (एकाची लाट वर, तेव्हा दुसऱ्याची खाली) आणि थेट आवाज खाऊन टाकतो. स्पीकरचा दर्शनी भाग भिंतीपासून 60 सेंमीवर असेल तर हा खड्डा 143 हर्ट्झच्या आसपास पडतो, 1 मीटरवर 86च्या. पहिल्यात पुरुषी आवाज पोकळ वाटतो. इक्वलायझरने (ठरावीक सूर कमीजास्त करायची सोय) हा खड्डा भरायला जाऊ नका. थेट आवाज वाढवला की परतणाराही तितकाच वाढतो, वर दर 3 डेसिबलला ॲम्प्लिफायरला दुप्पट पॉवर द्यावी लागते. स्पीकर 10-15 सेंमी पुढेमागे सरकवून पुन्हा ऐका. कोपऱ्याजवळ असाल तर मागच्या आणि बाजूच्या भिंतीचं अंतर सारखं ठेवू नका, नाहीतर दोन्ही खड्डे एकाच जागी येतात.

उंचवट्यांचं, म्हणजे काही सूर जास्तच घुमण्याचं, मात्र उलट. 4 मीटर लांबीच्या खोलीत 43 हर्ट्झला घुमारा येतोच. तो इक्वलायझरने कापता येतो. पाठ भिंतीला टेकून बसलात तर बास फुगतो, खोलीच्या बरोबर मध्यावर बसलात तर हाच सूर गायब. पडद्यांनी यातलं काही सुटत नाही, ते फक्त वरचे सूर शोषतात.

आवाज मध्यभागी बसत नसेल तर आधी वायरची उलटसुलट जोडणी तपासा. मोनो (दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज) बातम्या लावा: निवेदक दोन स्पीकरच्या मधोमध न बोलता खोलीभर पसरला आणि बासही पातळ झाला, तर एका स्पीकरचं प्लस-मायनस उलटं आहे. इतकं साधं, पण महागड्या सेटअपमध्येही सापडतं.

वायरचा फार विचार नको. 2.5 चौरस मिमी तांबं घरात पुरतं. टर्मिनलचे नट मात्र सैल होतात. दोन-तीन महिन्यांनी हाताने घट्ट करा. त्याच वेळी एखादी सुटी तार शेजारच्या टर्मिनलला टेकलेली नाही ना हेही बघा, कारण शॉर्ट झालं की ॲम्प्लिफायर प्रोटेक्शनमध्ये जाऊन बंद पडतो. ट्वीटरच्या घुमटाला फडका लावू नका. एकदा चेपला की तो सहसा पूर्ववत होत नाही.

50 हर्ट्झखालचा बास या आकाराकडून मागू नये. फक्त बास वाजवणारा सबवूफर जोडलात तर क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे सूर त्याच्याकडे जातात ती सीमा) 80 हर्ट्झवर ठेवून सुरुवात करा.