माझाच जॅक मला ३८,५०० रुपयांना नवा म्हणून विकला

जेसीबीवाल्यांनो, सांगली-मिरज पट्ट्यात जॅक, म्हणजे मशीनचा हात उचलणारा तेलाचा सिलेंडर, दुरुस्तीला नेणार असाल तर आधी हे वाचा.

मे महिन्यात माझ्या मशीनचा बूम, म्हणजे पुढचा मोठा हात, बसायला लागला. उचलून इंजिन बंद केलं की हळूहळू खाली. वर्कशॉपवाल्यानं जॅक खोलून आत नेला आणि बाहेर येऊन सांगितलं, "बोअरला, म्हणजे आतल्या नळीला, रेघा पडल्यात, सील किट (तेल अडवणाऱ्या रिंगा) टाकून उपयोग नाही. नवाच घाला." जॅक ३८,५००, फिटिंग ३,०००, तेल ६,४००, जुना भंगारात धरून २,००० वजा. रोख ४५,९०० मोजले.

बसवताना मी शेजारीच उभा होतो. पिवळा रंग अंगठ्याला चिकटला. पोर्टला, म्हणजे तेलाच्या तोंडाला, प्लॅस्टिकचं बूच नाही, चिंधी कोंबलेली! नवा माल चिंधी कोंबून येतो का? तिथंच त्याचा हात धरायला हवा होता. पण पावसाआधी शेततळ्याचं काम उरकायचं होतं, हप्ता तोंडावर आलेला. अशा वेळी रंग खरवडत कोण बसतो? हीच घाई हे लोक हेरतात.

जुलैत पिनजवळचा रंग उडाला आणि खाली वेल्डिंगचा टाका दिसला. आमच्या तासगावच्या वेल्डरनं मारलेला, वाकडा, शेवटाला गाठ आलेला. माझाच जॅक! सील बदलले, रंग मारला आणि मलाच विकला. सील किट मिळतं २,२०० ला.

जॅक डोळ्यांसमोरच खोलायला लावा. बोअरमध्ये नख फिरवा, अडकलं तरच रेघ खरी. रॉड (आत-बाहेर सरकणारा दांडा) वाकलाय किंवा त्यावरचं क्रोम उडालंय तर बदलायचं बोला. आणि बूम बसतो म्हणजे जॅकच गेला असं नाही, तेलाची वाट उघड-बंद करणाऱ्या कंट्रोल व्हॉल्व्हमधूनही तेल परत जातं.

पोलीस म्हणाले, "दिवाणी मॅटर आहे." जुना माल नवा म्हणून विकला, तरी दिवाणी? मग भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं ३१८ कलम कशाला ठेवलंय? अर्ज ठेवून घेतला, पोहोच देईनात. ग्राहक तक्रारीचं विचारलं तर तिथले साहेब म्हणे, मशीन धंद्याचं आहे, तुम्ही ग्राहक नाही! एकच मशीन, कर्जावर घेतलेलं, मी स्वतः चालवतो. पोटापाण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेल्या वस्तूला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट सूट आहे. ते मी वाचून दाखवायचं आणि पगार त्यांनी घ्यायचा. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही, हेसुद्धा कुणी सांगितलं नाही.

जुना पार्ट भंगारात देऊ नका, घरी आणा. खोलण्याआधी त्यावर लोखंडी पंच ठोकून खूण मारा. बिलावर 'नवा' आणि पार्ट नंबर लिहून घ्या. माझ्या बिलावर नुसतं 'हायड्रॉलिक काम' लिहिलंय, आणि आता वर्कशॉपवाला त्याच दोन शब्दांवर अडून बसलाय.