ओल्ड स्कूल रूनस्केप की फायनल फँटसी १४? ठाणेकरांसाठी सरळ तुलना

रोजचा बराच वेळ ठाणे-वाशी लोकलमध्ये जातो आणि हाताशी फक्त फोन आहे? मग या दोन ऑनलाइन गेमपैकी (ज्यात हजारो जण एकाच जगात खेळतात) डोळे मिटून ओल्ड स्कूल रूनस्केप घ्या. घरी बरं ग्राफिक्स कार्ड असलेला पीसी आहे, रात्री निवांत वेळ मिळतो आणि गोष्टीची ओढ आहे, तर फायनल फँटसी १४. दोन्ही गेम एकदा मरता मरता वाचलेत, आणि ते कसे वाचले त्यावरच आज ते कोणाला मानवतील हे ठरतं.

मूळ रूनस्केप २००१ चा, केंब्रिजच्या गोवर बंधूंचा, ब्राउझरमध्ये चालणारा. २०१२ च्या अखेरीस लढाईची पद्धतच बदलली आणि जुने खेळाडू पांगू लागले. तेव्हा गेम बनवणाऱ्या जॅगेक्स कंपनीने ऑगस्ट २००७ चा बॅकअप बाहेर काढून फेब्रुवारी २०१३ मध्ये तो ओल्ड स्कूल रूनस्केप या नावाने वेगळा गेम म्हणून सुरू केला. तेव्हापासून मोठी भर घालायची तर आधी खेळाडूंचं मतदान होतं. म्हणूनच तो साधा आणि हलका राहिला, २०१८ पासून फोनवरही त्याच अकाउंटने चालतो. मासेमारी ४० लेव्हलला गेली की पिंजरा घेऊन गेममधल्या कारामजा बेटाच्या धक्क्यावर जा, एक टॅप करा, पात्र आपलं आपण शेवंडं पकडत राहतं. ऐरोलीला गर्दी चढली, फोन खिशात टाकावा लागला, तरी काही बिघडत नाही. गेम प्रत्येक हालचाल ०.६ सेकंदांच्या ठोक्यावर मोजतो, त्यामुळे पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) थोडा वाढला तरी चालतं. पैसे न भरता फिरता येणारा नकाशा मात्र लहान आहे.

फायनल फँटसी १४ २०१० मध्ये आला आणि सपशेल आपटला. एका साध्या कुंडीला खेळाडूच्या पात्राइतके पॉलिगॉन (चित्र ज्यांनी बनतं ते छोटे तुकडे) दिले होते, गेम रखडणारच! मग नवे दिग्दर्शक म्हणून नाओकी योशिदांनी सूत्रं हाती घेतली. जुना गेम चालू ठेवून मागे नवा उभा केला, आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये आकाशातला चंद्र कोसळवून जुनं जग खेळाडूंच्या डोळ्यांदेखत संपवलं. ऑगस्ट २०१३ मध्ये नवं जग उघडलं. अपयशालाच कथेत ओवण्याची ही हिंमत मला फार भावते. ती कथा क्रमानेच खेळावी लागते, घाईचं काम नाही. भारतात सर्व्हर नाही, तेव्हा लढाईत शत्रूचा वार कुठे पडणार हे दाखवणाऱ्या जमिनीवरच्या खुणा चुकवताना पिंग जाणवतो.

फायनल फँटसी १४ ची फ्री ट्रायल लेव्हल ७० पर्यंत आहे, पहिली दोन एक्स्पान्शन (नंतर आलेले कथेचे मोठे भाग) धरून, मुदत नाही. पण एकदा पैसे भरले की ते अकाउंट पुन्हा ट्रायलवर जात नाही, म्हणून खरेदीची घाई नको. ट्रायलवर पार्टी, म्हणजे एकत्र खेळणारा गट, बनवता येत नाही. मित्रांपैकी एकाने गेम विकत घेतला तर त्याने बनवलेल्या पार्टीत बाकीचे तिघे फुकट खेळू शकतात.