सुट्ट्या ट्रेऐवजी स्टीलची कॅसेट: डेंटल असिस्टंटचा वापरानंतरचा अनुभव

आमचा दवाखाना सोलापुरात, दोन खुर्च्यांचा. पावसाळ्याच्या तोंडावर मॅडमनी स्टीलच्या जाळीदार इन्स्ट्रुमेंट कॅसेट, म्हणजे एका कामाची सगळी हत्यारं एकत्र ठेवायचे झाकणाचे डबे, मागवल्या, आता उन्हाळा आलाय. तेव्हापासून त्या रोज माझ्या हातात आहेत. माझं मत आधीच सांगते: तपासणी, फिलिंग आणि रूट कॅनलसाठी जरूर घ्या. दात काढायच्या सेटसाठी मात्र पैसे घालू नका.

आमची आधीची पद्धत बऱ्याच छोट्या दवाखान्यांत असते तीच होती. प्रोब (दात तपासायची टोकदार सळई), मिरर, ट्वीझर सीलबंद पाऊचमध्ये आणि बाकीचं सगळं ड्रममध्ये, म्हणजे निर्जंतुक हत्यारांच्या स्टीलच्या डब्यात. पेशंट बसला की चीटल फोर्सेप्सने (निर्जंतुक वस्तू उचलायच्या लांब चिमट्याने) एकेक वस्तू काढून ट्रे लावायचा. ड्रम दिवसातून कितीदा उघडायचा याला धरबंध नाही, आणि एकदा उघडलेल्या ड्रमला निर्जंतुक म्हणणं अवघडच. शिवाय मध्येच बर्निशर (फिलिंग गुळगुळीत करायचं हत्यार) लागला की उठा, ग्लोव्हज बदला, शोधा. तोवर पेशंट तोंड उघडं ठेवून बसलेला.

कॅसेटमध्ये प्रत्येक हत्याराला सिलिकॉनची खाच आहे. मी ती कामाच्या क्रमाने लावते. फिलिंगच्या सेटमध्ये डावीकडून मिरर, प्रोब, ट्वीझर, मग कीड खरवडायचा स्पून एक्सकॅव्हेटर, मटेरियल भरायचं प्लास्टिक फिलिंग इन्स्ट्रुमेंट, ते दाबायचा कंडेन्सर, बर्निशर. काम झालं की कॅसेट बंद होते आणि तशीच अल्ट्रासोनिकमध्ये (ध्वनिलहरींनी हत्यारं साफ करणाऱ्या मशीनमध्ये) जाते, पाण्याखाली धुतली जाते, कोरडी होते, गुंडाळून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या मशीनमध्ये जाते. तपासायला उघडते तेवढंच, सुटी हत्यारं सिंकमध्ये घासणं जवळपास संपलं.

माझ्या दृष्टीने खरी किंमत इथेच वसूल होते. स्केलर (दातांवरचा थर खरवडायचं हत्यार) आणि प्रोबला दोन्हीकडे टोकं असतात आणि सिंकमध्ये घासतानाच ती बोटात घुसतात. असिस्टंटच्या हाताची काळजी खरेदीच्या यादीत क्वचितच असते, ती असायला हवी. (कॅसेट आली म्हणून हेपटायटिस बीची लस टाळू नका. तीन डोस असतात, पहिल्यानंतर एका महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. ते पूर्ण करून घ्याच.) दुसरा फायदा आरशांचा. ढिगात एकमेकांवर आपटून आरशांवर ओरखडे पडायचे, ते आता दिसत नाहीत.

एक गोष्ट मात्र अल्ट्रासोनिकवर सोडू नका. ग्लास आयनोमर किंवा दुसरं सिमेंट एकदा वाळून घट्ट झालं की ते मशीनमध्ये निघत नाही. खुर्चीजवळच ओल्या गॉजने लगेच पुसायचं. बाहेर काढल्यावर दिव्याखाली प्रत्येक टोक बघायचं.

आता विकणारे नीट सांगत नाहीत ते. कॅसेटला भोकं असतात, त्यामुळे नुसती कॅसेट ऑटोक्लेव्ह करून कपाटात ठेवली तर ती निर्जंतुक राहत नाही. मोठं पाऊच किंवा रॅपिंग शीट आणि ऑटोक्लेव्ह टेप लागतेच, तो खर्च दर महिन्याचा धरा. बाहेरच्या टेपचा रंग बदलला म्हणजे आत वाफ पोचली असं होत नाही, म्हणून मी वाफेने रंग बदलणारी इंडिकेटरची पट्टी कॅसेटच्या आत ठेवते. आमचं मशीन क्लास बी आहे, म्हणजे आधी हवा खेचून घेतं आणि शेवटी सुकवतं. 134 अंशांवर प्रत्यक्ष वेळ थोडाच असला तरी तापणं आणि सुकणं धरून अख्खं सायकल बराच वेळ खातं. कुकरसारख्या उभ्या ऑटोक्लेव्हमध्ये गुंडाळलेल्या कॅसेट ओल्याच बाहेर येतात आणि ओलं पाकीट पुन्हा नव्याने ऑटोक्लेव्ह करावं लागतं. तुमच्याकडे तसंच मशीन असेल तर आधी मशीनचा विचार करा. आणि ऑर्डर देण्यापूर्वी ऑटोक्लेव्हचा ट्रे पट्टीने मोजा. पाण्याबाबतही तडजोड नको. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार खूप, म्हणून मशीनमध्ये फक्त डिस्टिल्ड वॉटर आणि धुतल्यावर शेवटचा हातही त्याचाच. नाहीतर स्टीलवर पांढरे डाग धरतात.

दात काढायचे फोर्सेप्स जाड असतात, झाकण बसत नाही. शिवाय दाढ वरची की खालची, यावर फोर्सेप्स बदलतो. ते आणि एलिव्हेटर (दात सैल करायचं हत्यार) आम्ही पूर्वीसारखे वेगवेगळ्या पाऊचमध्येच ठेवतो.

मटेरियलचा ट्रे कॅसेटने सुटत नाही, तो वेगळाच लावावा लागतो आणि असिस्टंटचं कसब तिथेच दिसतं. कंपोझिट (दाताच्या रंगाचं फिलिंग) आणि बाँड (ते दाताला चिकटवणारा द्रव) फ्रिजमध्ये असतील तर पेशंट यायच्या आधी बाहेर काढते. थंड कंपोझिट घट्ट असतं, नीट बसत नाही. बाँड मात्र डॉक्टर मागतील तेव्हाच थेंबभर काढायचा. आधी काढून ठेवला तर त्यातलं द्रावक उडतं आणि खुर्चीच्या दिव्याने तो घट्ट व्हायला लागतो. ग्लास आयनोमरची पावडर चमच्यात सपाट करून घ्यायची, त्याच्या द्रवाची बाटली उलटी करून सरळ उभी धरून थेंब पाडायचा आणि झाकण लगेच लावायचं. पावसाळ्यात उघडी राहिलेली पावडर दमट होते, दातांचं माप घ्यायच्या अल्जिनेटच्या पावडरचंही तसंच.

रूट कॅनलच्या ट्रेवर माझा सगळ्यात जास्त जोर लेबलवर असतो. हायपोक्लोराइट आणि ईडीटीए ही दाताची नळी धुवायची द्रावणं, दोन्ही सिरिंजमध्ये पाण्यासारखेच दिसतात आणि शेजारी भूल द्यायची सिरिंजही असते. हायपोक्लोराइट चुकून हिरडीत टोचलं गेलं तर गंभीर इजा होते. म्हणून प्रत्येक सिरिंजवर ती भरतानाच नाव. क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशकही वापरणार असतील तर हायपोनंतर मध्ये सलाइनने धुण्याची सोय ठेवते, कारण दोन्ही एकत्र आले की तपकिरी गाळ होतो. नळी साफ करायच्या बारीक फाइल्सचे जाडीच्या नंबरनुसार रंग असतात: 15 पांढरा, 20 पिवळा, 25 लाल, 30 निळा, 35 हिरवा, 40 काळा. एंडो बॉक्समध्ये (रूट कॅनलच्या फाइल्सच्या डबीत) याच क्रमाने लावल्या की डॉक्टरांनी नंबर उच्चारायच्या आत हात पोचतो.

किती कॅसेट घ्यायच्या? ऑटोक्लेव्हच्या दोन फेऱ्यांमध्ये जितके पेशंट बसतात तितक्या, आणि वर एक-दोन राखीव. कमी घेतल्या तर घाईत सायकल अर्धवट तोडायचा मोह होतो. सिलिकॉनच्या खाचा वाफेने हळूहळू सैल होतात, आमच्या दोन कॅसेटमध्ये ट्वीझर आता घसरतो. सुट्या खाचा वेगळ्या मिळतात का, हे विक्रेत्याला पैसे देण्याआधीच विचारा.